पाण्याला भिणाऱ्या मुलीसाठी पुस्तक

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून भाचीचा फोन आला. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ती गेल्यापासून भाचीचे फोन वाढले होते, कधी लोणच्याचं प्रमाण विचारायला, कधी नुसतेच. त्या दिवशी ती तिच्या थोरल्या लेकीविषयी बोलत होती. भाचीला दोन मुली. थोरलीला आठवं लागणार होतं, धाकटी सहा वर्षांची. दोघींना उन्हाळ्यासाठी पोहण्याच्या क्लासला घातलं होतं. धाकटी पहिल्याच दिवशी पाण्यात उतरली. थोरली काठावर बसली, ती पाचव्या दिवशीही तिथेच बसलेली होती.

"मावशी, ती ऐकूनच नाही राहिली," भाची म्हणाली. "रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. सर म्हणतात, एकदा ढकलून देऊ का. मी नको म्हटलं. तू इतकी वर्षं मुलींना शिकवलंस. तिच्या वाढदिवसाला एखादं पुस्तक पाठव ना. चित्रांचं. धीर येईल असं काहीतरी."

मी लगेच हो म्हटलं. कुणी आपल्याकडे काही मागावं, याला माझ्या वयात मोल असतं. तीस वर्षं मी इथे, वाराणसीतल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. रामघाटच्या ज्या गल्लीत आम्ही दोघी बहिणी जन्मलो, त्याच गल्लीत दोन खोल्यांत राहते. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे, आई घर बघायची. ते दोघं गेल्यावर ताई हेच माझं माहेर होतं, आणि ते नागपूरला होतं.

दुसऱ्याच दिवशी चौकातल्या दुकानातून मी एक पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत, पानापानावर एकेक शूर मुलगी. कुणी विमान चालवतेय, कुणी डोंगर चढतेय, कुणी घोड्यावर. फार वेळ न लावता निवडलं आणि घाईघाईत पाठवूनही दिलं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाजात संकोच होता.

"पुस्तक छान आहे ग मावशी. वाचलं तिनं सगळं."

"आणि?"

"काही नाही, मिटून ठेवलं. मी विचारलं, आवडलं का? तर म्हणाली, यातली कुणीच घाबरत नाही."

मी फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. वर्गात फळ्यापाशी येऊन नकाशा दाखवायला सांगितलं की थरथरणाऱ्या मुली मी तीस वर्षं पाहिल्या होत्या. "अगं, त्यात काय भ्यायचं" असं म्हटलं की त्या आणखी आकसतात, हे मला माहीत होतं. भीती तर असतेच, वर भ्याल्याची लाजही येऊन बसते. आणि मी त्या पोरीला विमानं आणि घोडे पाठवले होते.

त्या रविवारी सकाळी मी मैदागिनच्या चौकापर्यंत चालत गेले आणि तिथून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, करून लंका मोहल्ल्यात गेले. विद्यापीठाजवळ एक जुनं पुस्तकांचं दुकान आहे. माझ्याच वयाची एक बाई ते चालवते. तिला म्हटलं, आठ वर्षांच्या मुलीसाठी हवंय. तिनं हात केला तिकडे एक गुलाबी कप्पा होता.

"लड़कियों वाली सब उधर हैं."

मी तिथली पाच-सहा चाळली. पऱ्या होत्या, राजकन्या होत्या, आणि नव्या काळाच्या म्हणून त्याच शूर मुली होत्या. मी परत तिच्याकडे गेले.

"मुझे डर वाली किताब चाहिए."

"भूत वाली?"

"नहीं नहीं. जिसमें लड़की डरती हो."

ती हसली नाही. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, मग एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बैठिए. ढूँढना पड़ेगा."

आम्ही दोघींनी मिळून तासभर शोधलं. ती कप्प्यांतून काढून द्यायची, मी मांडीवर घेऊन वाचायची. शेवटी जे सापडलं ते गुलाबी कप्प्यात नव्हतं. जनावरांच्या पुस्तकांत होतं, कारण मुखपृष्ठावर म्हैस होती. हिंदीतलं, पातळसं, एक कोपरा दुमडलेला. एका मुलीच्या घरची म्हैस रोज तलावात जाऊन बसते. मुलीला मात्र पाण्याची भीती वाटते. तलावाला दगडी पायऱ्या आहेत. पहिल्या पानावर मुलगी सगळ्यात वरच्या पायरीवर, गुडघे पोटाशी घेऊन. पुढच्या पानावर एक पायरी खाली. मग एका पानावर फक्त तिचे पाय पाण्यात, आणि खाली एवढंच: 'आज बस पैर.' त्याच्या पुढच्या पानावर ती पुन्हा वरच्या पायरीवर जाऊन बसलेली. हे पान मला फार आवडलं. म्हैस पानोपानी तिच्याकडे पाहत असते, बोलत काही नाही. अखेरीस पाणी मुलीच्या खांद्यापर्यंत आहे आणि हात म्हशीच्या पाठीवर. पोहत नाही. फक्त पाण्यात उभी आहे आणि हसते आहे.

"और एक कॉपी है?" मी विचारलं. दोघी बहिणी भांडतील म्हणून.

"यही एक बची है."

मग म्हटलं, ठीक आहे, दोघी मिळून एक वाचतील. आम्हीही तशाच वाढलो होतो.

नातींना घरात मराठी बोलता येतं, शाळेत थोडं वाचायलाही शिकवतात. मला वाटलं, हे पुस्तक त्यांच्या घरी मराठीत पोचावं. मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पानावरच्या हिंदी ओळीवर मराठी ओळ चिकटवायची ठरवली. अवघी चोवीस वाक्यं. एका दुपारचं काम, असं मी समजले होते. चार दिवस लागले.

आमचं इथलं मराठी घरातल्या घरात वाढलेलं. पिढ्यान्‌पिढ्या गंगेकाठी राहून त्यात हिंदी कधी मिसळली ते कुणाला कळलं नाही. आम्ही पायरीला सीढीच म्हणत आलो. कागदावर 'पायरी' लिहिलं तर ते अगदी बरोबर दिसत होतं, पण आमच्या घरातलं वाटत नव्हतं. लग्न होऊन गेल्यावर पहिल्या वर्षी ताईला सासरी या शब्दांवरून हसायचे. पुढे तिचं बोलणं पार नागपुरी झालं. पण इथे आली की दुसऱ्या दिवशीच म्हणायची, "चल, सीढीवर बसू जरा." मी 'पायरी'ची पट्टी काढून टाकली आणि 'सीढी' लिहिलं. 'आज बस पैर'चं 'आज फक्त पाय' केलं. 'कल की कल देखेंगे' होतं, तिथे 'उद्याचं उद्या' लिहिलं, आणि लिहिता लिहिता थांबले, कारण ते ताईच्या आवाजात ऐकू आलं.

त्यानंतर प्रत्येक ओळीला मी तिला विचारायला लागले. हे असं म्हणशील का ग? 'घाबरू नकोस' म्हणशील, की 'मी आहे'? पट्टी हातात धरून खिडकीशी बसायची, आणि डिंक वाळून जायचा.

पट्ट्या संपल्या तेव्हा शेवटचं एक पान कोरं उरलं. पांढरं स्वच्छ. त्यावर मी पेननं लिहिलं: 'तुमची आजी तुमच्याएवढी असताना गंगेत पोहायची. आमचे बाबा तिला बालाजी घाटावर रोज पहाटे घेऊन जायचे. ती नावेवर चढून पाण्यात उडी मारायची. मी सीढीवर बसून तिचे कपडे सांभाळायची.' खाली 'मावशीआजी' अशी सही केली आणि पाकीट टपालात टाकलं.

आठ दिवसांनी सकाळी फोन आला. भाचीनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"मावशी, आई पोहायची?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"हो. म्हणजे काय? तुला माहीत नाही?"

"नाही," ती म्हणाली. "आम्हा कुणालाच माहीत नाही. बाबांना विचारलं, त्यांनाही नाही."

पस्तीस वर्षांचा संसार झाला होता ताईचा.

"मी शाळेत असताना क्लासला जायची," भाची सांगू लागली, "तर आई रोज सोबत यायची. टॉवेल धरून काठावर उभी. एकदा सरांना म्हणाली, हिला गुडघ्यातून पाय मारू देऊ नका, मांडीतून मारायला सांगा. मला इतकी लाज वाटली. घरी येऊन मी तिला म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं, गप्प बसत जा ना. आणि ती, मावशी, फक्त माझे केस पुसत होती." मग तिनं विचारलं, "का सोडलं तिनं?"

हे मी पुस्तकाच्या पानावर लिहिलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. पण ती ताईची मुलगी होती, तिनं सरळ विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं.

ताई तेव्हा अकरा वर्षांची, मी आठची. बाबा पहाटे स्नानाला जाताना तिला नेत, आणि मी हट्टानं मागे जायची. तीन वर्षांत ती मासोळीसारखी तयार झाली होती. पाण्यात ती वेगळीच दिसायची. घरात शांत, आईच्या हाताखाली राबणारी मुलगी, आणि तिथे डोकं बाहेर काढून मला मोठ्यानं हाका मारणारी. मला म्हणायची, "पुढच्या उन्हाळ्यात तुला शिकवते. बाबांपेक्षा चांगलं शिकवीन." एका सकाळी घाटापासून जरा आत दगड वाहणारी मोठी नाव उभी होती. ताई पोहत तिथपर्यंत गेली, दोराला धरून वर चढली आणि तिनं उडी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. नावाडी "वाह बिटिया" म्हणाले. छत्र्यांखाली बसलेले घाटिये, म्हणजे घाटावरचे पंडे, उठून पाहू लागले. पाठशाळेचे विद्यार्थी संध्या सोडून पाहू लागले. मी अभिमानानं फुटायच्या बेतात होते.

दुपारी पंगतीला मी ते सगळं आईला सांगितलं. हातवारे करून सांगितलं. आईचा वाढता हात थांबला.

"कोण कोण होतं तिथे?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आईला कौतुक वाटतंय. मी बोटांवर मोजून सगळे सांगितले. नावाडी, घाटिये, विद्यार्थी. एकही सोडला नाही.

आई म्हणाली, "उद्यापासून नको." एवढंच. मी बाबांकडे पाहिलं. ते भात कालवत राहिले. त्यांनीच तिला शिकवलं होतं, त्यांना ती नावेवरून उडी मारताना किती आनंद झाला होता ते मी पाहिलं होतं, आणि ते भात कालवत राहिले. ताईनं ताटातलं संपवलं, उठली, हात धुतले. मला रागावली नाही. संध्याकाळी नेहमीसारखी माझी वेणी घातली. दुसऱ्या पहाटे बाबा एकटे गेले. ताई अंथरुणात जागी होती, डोळे उघडे, छताकडे. मी तिच्या शेजारीच झोपलेली होते, म्हणून मला माहीत.

मला पोहायला कुणी शिकवलं नाही. मीही कुणाला म्हटलं नाही.



"तू आठ वर्षांची होतीस," भाची म्हणाली. "तू नसतं सांगितलं तर आणखी कुणी सांगितलं असतं."

"हो. पण मी सांगितलं."

"आईशी कधी बोललीस यावर?"

"नाही ग."

खरं तर संधी पुष्कळ आल्या होत्या. ती माहेरी यायची तेव्हा आम्ही दोघी घाटावर जाऊन बसायचो. ती साडी जराशी वर धरून पाय पाण्यात सोडायची आणि पैलतीराच्या रेतीकडे पाहत राहायची. दर वेळी मला वाटायचं, आता विचारावं. मग संकठा देवीच्या दर्शनाची वेळ व्हायची, भाजी आणायची असायची, आम्ही उठायचो. शेवटच्या खेपेला तिला पायऱ्या उतरवत नव्हत्या. आम्ही वरच बसलो, आणि ती म्हणाली, "पाणी अजून तसंच थंड असेल, नाही?" मी म्हटलं, "असेल." तेव्हा तरी विचारायला हवं होतं.

भाची म्हणाली, "थांब, थोरलीला तुझ्याशी बोलायचंय. मघापासून माझी ओढणी ओढतेय."

फोनवर आधी श्वासाचा आवाज आला.

"मावशीआजी, आजी पहिल्या दिवशी रडली होती का?"

मी म्हणणार होते, नाही ग, ती कुठली रडतेय. तोंडात तेच आलं होतं. इतकी वर्षं मी ताईला नावेवरून उडी मारतानाच आठवत होते. पण मूल अगदी श्वास धरून वाट बघत होतं, म्हणून मी थांबून खरोखर आठवू लागले. आणि मला ते दिसलं.

"रडली होती," मी म्हटलं. "खूप. बाबांनी तिला कडेवर घेऊन पाण्यात नेलं, तर तिनं त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि जानवं असं धरून ओढलं की ते तुटलं."

"जानवं तुटलं?"

"हो. मग बाबा ओलेत्यानं सीढीवर बसले. मला म्हणाले, पळत जा, घरून नवीन जानवं घेऊन ये. मी पाच वर्षांची. सगळ्या सीढ्या चढून धावत घरी, आणि पुन्हा धावत खाली. येईपर्यंत आजी रडतच होती. आणि बाबा हसत होते."

"रागावले नाहीत?"

"नाही. तिला म्हणाले, उद्याचं उद्या बघू."

"मग दुसऱ्या दिवशी गेली?"

"दुसऱ्या दिवशी नाही. पुष्कळ दिवस नुसती सीढीवर बसायची, माझ्याजवळ. किती दिवस ते मला आठवत नाही, बाळा."

"पण मग गेली."

"हो, गेली."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन आईकडे देऊन पळाली.

भाचीनं दुसऱ्या दिवशी एक फोटो पाठवला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, माझ्या सहीच्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'आजी पहिल्यांदा खुप रडली. जानव तुटल.' आता ते पान पुरं झालं होतं. मी एकटीनं लिहिलं तेव्हा त्यात उडीच काय ती होती. विमानं आणि घोड्यांसारखीच.

पुढे काय झालं म्हणाल, तर फार मोठं काही नाही. मे महिन्यात थोरली पाण्यात पाय सोडून बसू लागली. एक दिवस कमरेपर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर. सरांनी वैतागून तिचा नाद सोडला, त्याचा फायदाच झाला. क्लास संपायच्या सुमारास ती कठड्याला धरून पाय मारत होती. गुडघ्यातून नाही, मांडीतून. भाचीनं काठावरून तिला तसं सांगितलं होतं. धाकटीला सगळ्या पट्ट्या तोंडपाठ झाल्या आहेत, आणि ती शाळेतही पायरीला सीढी म्हणते, असं कळतं.

भाची आता मला दर रविवारी विचारते, आईचं आणखी सांग. मी सांगते. कधी कधी सांगता सांगता अडते. तिला वरण कसं आवडायचं, घट्ट की पातळ? तिच्या निळ्या फ्रॉकला खिसे होते का? साधे प्रश्न असतात. उत्तर देणारी एकच होती.

डिसेंबरच्या सुट्टीत तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बालाजी घाटावर घेऊन गेले. धुकं होतं, पैलतीर दिसत नव्हता, पाण्यावर पांढरे पक्षी उतरले होते आणि नावांतले लोक त्यांना शेव टाकत होते. धाकटी पक्ष्यांच्या मागे गेली, भाची तिच्या मागे. थोरली माझा हात धरून हळूहळू खाली उतरत होती. पाण्याच्या जवळ येऊन ती थांबली.

"आजी कुठल्या सीढीवर बसायची?"

मला माहीत नव्हतं. पावसाळ्यात गंगा वर चढते, घाट मातीखाली जातो, लोक पंप लावून ती माती धुऊन काढतात. इतक्या वर्षांत कितीतरी दगड हलले, काही नवे बसवले. मी इकडे तिकडे पाहिलं. एक जुना, मधोमध झिजलेला दगड होता.

"ही," मी म्हटलं.

तिनं बूट काढले, मोजे काढून नीट बुटात घातले, आणि त्या दगडावर बसली. जरा सरकून माझ्यासाठी जागा केली. मीही चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसले. पाणी पायाखाली एक पायरी लांब होतं. तिनं पाय खाली सोडले, बोटं टेकवली आणि झटकन वर घेतली.

"थंड आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.